चेहरा हाच पास, पण खिडकी बंद करू नका

भारतात विमान पकडायचं तर पहिली तपासणी टर्मिनलच्या दारातच होते. सीआयएसएफचा जवान तिकीट पाहतो, ओळखपत्र पाहतो, मग मान वर करून चेहरा पाहतो आणि आत सोडतो. लंडन, फ्रँकफर्ट किंवा सिंगापूरला दारात असं कुणी अडवत नाही. निरोप द्यायला आलेली मंडळी चेक-इनच्या काउंटरपर्यंत सोबत जातात. आपल्याकडे सुरक्षेच्या कारणाने दारावर पहारा बसला, पहाऱ्यामुळे रांग आली आणि ती कायमची झाली. १ डिसेंबर २०२२ रोजी दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसी या तीन विमानतळांवर ‘डिजियात्रा’ सुरू झाली, तिने आधी हात घातला तो याच रांगेला. आधी जगावेगळी रांग लावायची आणि मग ती तोडायला चेहरा ओळखणारं यंत्र बसवायचं, हा खास आपला खाक्या.

तरीही यंत्राचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. २०२४ या एका वर्षात देशांतर्गत विमानांनी १६ कोटींहून अधिक प्रवासी नेले. पहाटे लोहगावच्या दाराशी ट्रॉल्या, पिशव्या, पेंगुळलेली मुलं आणि पाकिटात आधार कार्ड शोधणारे काका अशी कोंडी ज्याने पाहिली आहे, त्याला कॅमेऱ्याकडे पाहताच उघडणारं फाटक आवडणारच. पद्धतही अवघड नाही. घरी बसून ॲपमध्ये आधारवरून ओळख पटवायची, सेल्फी काढायचा, वेब चेक-इन झालं की बोर्डिंग पास ॲपमध्ये घालून त्या विमानतळाला पाठवायचा. दारात बारकोड दाखवला, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आत. पुण्यात ही सोय २०२३च्या मार्चमध्ये आली, मुंबईत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. २५ डिसेंबर २०२५ रोजी उड्डाणं सुरू झालेलं नवी मुंबईचं विमानतळ तर डिजिटल व्यवस्था गृहीत धरूनच उभारलेलं आहे.

(दारावर वाचलेली मिनिटं पुढे ट्रेच्या रांगेत खर्ची पडतात, ही वेगळी गोष्ट. लॅपटॉप काढा, चार्जर काढा, पट्टा काढा, पॉवर बँक बाहेर ठेवा. तिथे अजून कुठलंही ॲप उपयोगी पडत नाही.)

प्रश्न वेगाचा नाहीच. गेल्या पंधरा-वीस वर्षांत विमानप्रवासात एक मोठी उलथापालथ झाली आणि ती इतकी सावकाश झाली की फारशी कुणाच्या डोळ्यांत भरली नाही. प्रवाशाचा पुरावा त्याच्या खिशातून निघून दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेला. आधी तिकीट गेलं. कार्बनची लाल अक्षरं उमटलेलं, चोपडीसारखं तिकीट देणं जगभरातल्या कंपन्यांनी २००८ साली बंद केलं. १ जूनपासून ई-तिकीट हाच नियम झाला. मग फॉर्म गेले. परदेशातून येणाऱ्या भारतीयाला २०१४पर्यंत एक कार्ड भरावं लागे, जाणाऱ्याला ३० जून २०१७पर्यंत. त्यासाठी शेजारच्या प्रवाशाकडे पेन मागणं हा आंतरराष्ट्रीय प्रवासाचा एक ठरलेला विधी होता. आता शिक्के जाऊ लागले आहेत आणि काही देशांत तर व्हिसाच कागदावरून उतरला आहे.

या स्थित्यंतराचा एक धागा थेट नाशिकमध्ये आहे. देशातले पासपोर्ट ज्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात, ती नाशिक रोडला आहे. तिथून आता चिप असलेले ई-पासपोर्ट बाहेर पडतात. एप्रिल २०२४मध्ये प्रायोगिक स्वरूपात त्यांची सुरुवात झाली आणि सुरुवातीच्या शहरांत नागपूर होतं. मुखपृष्ठावर खालच्या बाजूला छोटंसं सोनेरी चिन्ह दिसलं, मधे वर्तुळ असलेली चौकट, की समजावं आत चिप आणि अँटेना आहे. हे चिन्ह जगभर एकच. पहिला ई-पासपोर्ट मलेशियाने १९९८ साली काढला होता. आपण पाव शतक उशिरा आलो, पण आलो.

या चिपची रचना मोठी हुशारीची आहे. तिच्यात छापील पानावरचीच माहिती आणि फोटो असतो, त्यावर सरकारची डिजिटल सही असते. एक अक्षर बदललं तर सही जुळत नाही. शिवाय चिप कुणालाही सहज वाचता येत नाही. फोटोच्या पानावर खाली ४४-४४ खुणांच्या दोन ओळी असतात. त्यांतला पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख यांपासून एक किल्ली तयार होते आणि त्या किल्लीनेच चिप उघडते. ई-गेटवर पासपोर्ट उघडून फोटोचं पान काचेवर पालथं ठेवायला सांगतात, ते त्यासाठी. म्हणजे बंद पासपोर्ट खिशात असताना बाजूने जाणाऱ्याने वाचून घ्यावा, अशी सोय त्यात ठेवलेली नाही. हा नवा पुरावा डिजिटल आहे आणि तरी प्रवाशाच्या हातात आहे, हे इथे नोंदवून ठेवायला हवं. तंत्रज्ञान आलं की पुरावा हातातून जाणारच, असा काही नियम नाही.

भारताच्या सीमेवरही ई-गेट आली आहेत. ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम’ असं लांबलचक नाव असलेली योजना २२ जून २०२४ रोजी दिल्लीत आणि १६ जानेवारी २०२५ रोजी मुंबईसह आणखी सात विमानतळांवर सुरू झाली. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारकांसाठी ती मोफत आहे. ऑनलाइन अर्ज करायचा, एकदा बोटांचे ठसे आणि चेहरा द्यायचा, मग पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत असेपर्यंत, जे आधी संपेल तोवर, अधिकाऱ्यासमोर उभं राहायची गरज नाही. मध्यरात्री तीन-चार मोठी विमानं एकदम उतरल्यावर मुंबईच्या टर्मिनल दोनवर जे होतं, ते सोसलेल्या माणसाला ही योजना आधीच सुचायला हवी होती असं वाटेल.

पण त्याच मुंबईच्या विमानतळावर दुसरी एक सीमा आहे. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा असतो आणि आखाती देशांसह १८ देशांत नोकरीला जाताना त्याला ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ची मंजुरी लागते. रत्नागिरीचा वेल्डर किंवा रायगडचा गवंडी या रांगेतला असतो. त्याच्यासाठीही संगणक आला आहे. ई-मायग्रेट या सरकारी प्रणालीवर मालक, एजंट आणि करार यांची नोंद होते, त्यातून फसवणुकीला थोडाफार आळा बसतो, हे मान्य. तरी एकाला संगणक सांगतो ‘तुमच्यावर विश्वास आहे, पुढे व्हा’ आणि दुसऱ्याला सांगतो ‘थांबा, मंजुरी आली का पाहू’. सुविधा कुणासाठी आधी आली, यावरून व्यवस्थेला कोणाचा वेळ मोलाचा वाटतो ते दिसतं.

पुरावा सर्व्हरवर गेल्याने काय होतं, हे पाहायला ब्रिटनकडे वळावं लागेल. तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्यांकडे बीआरपी नावाचं गुलाबी कार्ड असे. पुण्या-मुंबईतून गेलेला विद्यार्थी सुट्टीला घरी आला की परत जाताना चेक-इन काउंटरवर पासपोर्टसोबत ते कार्ड पुढे सरकवी, काम झालं. ब्रिटिश सरकारने बहुतेक कार्डांवर ३१ डिसेंबर २०२४ हीच शेवटची तारीख छापली होती. व्हिसा त्यापुढेही चालू, कार्ड मात्र बाद. त्याजागी ई-व्हिसा म्हणजे सरकारी संकेतस्थळावरचं एक खातं. बदल इतका विस्कळीत झाला की मुदत संपलेली कार्डं प्रवासात चालवून घेण्याची सवलत सरकारला आधी मार्च २०२५ आणि मग १ जूनपर्यंत वाढवावी लागली. १५ जुलै २०२५पासून बहुतेक नव्या विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकरच मिळत नाही.

यात सरकारचं म्हणणं रास्त आहे: कार्ड हरवतं, चोरीला जातं, त्याची नक्कल होते. पण पासपोर्ट नवा काढला आणि खात्यात त्याचा क्रमांक बदलायचा राहिला, संकेतस्थळ ऐन वेळी बंद पडलं, ज्या मोबाइलवर ओटीपी येतो तो नंबर बंद झाला, तर विमानतळावर उभ्या असलेल्या मुलीकडे दाखवायला काय आहे? काउंटरवरची कर्मचारी वाईट नसते. तिच्या पडद्यावर हिरवी खूण आली नाही तर बसवून नेण्याचा अधिकार तिला नसतो, आणि चुकीच्या प्रवाशाला नेल्याचा दंड विमान कंपनीला बसतो. ती नाही म्हणणार. मग तक्रार करायची ती कुणाकडे, मुंबईत की लंडनला, हे त्या मुलीला कुणी सांगत नाही.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांना हा अनुभव वेगळ्या रूपात येतो. पूर्वी पासपोर्टात आय-९४ नावाचं पांढरं कार्ड टाचून मिळे आणि त्यावर कधीपर्यंत राहता येईल ती तारीख असे. विमानाने येणाऱ्यांसाठी २०१३ साली ते कार्ड बंद झालं. खरी तारीख आता संकेतस्थळावर असते आणि ती आपण होऊन जाऊन पाहावी लागते. व्हिसा दहा वर्षांचा आहे म्हणून निश्चिंत असलेल्या कित्येक काका-काकूंना मुक्कामाची मुदत ठरवणारी तारीख वेगळीच असते, हेच ठाऊक नसतं. युरोपनेही तीच वाट धरली. शेंगेन गटातल्या २९ देशांनी १२ ऑक्टोबर २०२५पासून टप्प्याटप्प्याने ईईएस ही प्रणाली सुरू केली आणि १० एप्रिल २०२६ ही ती पूर्णपणे लागू करण्याची तारीख ठरवली. युरोपबाहेरच्या प्रवाशाचं येणं-जाणं यंत्रात नोंदलं जातं, शिक्का बाद होतो. १८० दिवसांत ९० दिवस राहण्याचा हिशेब आधी अधिकारी पासपोर्टची पानं उलटून, शिक्के शोधून करीत असे. आता यंत्र करतं आणि अचूक करतं. पण यंत्रातली बाहेर पडल्याची नोंद राहून गेली, तर ‘हा बघा शिक्का’ म्हणून दाखवायला पानावर काही उरत नाही.

यंत्रं चुकतात का? चुकतात, आणि चुकण्याच्या तऱ्हा कधीकधी थक्क करणाऱ्या असतात. २८ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रिटनची हवाई वाहतूक नियंत्रणाची यंत्रणा कोलमडली. कारण काय, तर लॉस एंजेलिसहून पॅरिसला निघालेल्या एका विमानाच्या उड्डाण आराखड्यात ‘डीव्हीएल’ हा सांकेतिक बिंदू दोनदा आला. एक फ्रान्समधलं दोव्हील, दुसरं अमेरिकेतलं डेव्हिल्स लेक. एकाच नावाची दोन ठिकाणं पाहून संगणक गोंधळला आणि सुरक्षित पर्याय म्हणून त्याने स्वतःला बंद केलं. राखीव संगणकावर तेच सॉफ्टवेअर, तोही तसाच बंद झाला. या सगळ्याला वीस सेकंदही लागले नाहीत. सुट्टीचा दिवस असल्याने जबाबदार इंजिनिअर घरी होता. त्याला प्रत्यक्ष जागेवर पोचायला दीड तास लागला. सात लाखांहून अधिक प्रवाशांचे हाल झाले.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले, तेव्हा हैदराबादला इंडिगोच्या कर्मचाऱ्यांनी निळ्या शाईने बोर्डिंग पास लिहून दिले. त्याचे फोटो लोकांनी हौसेने समाजमाध्यमांवर टाकले, ‘पहिल्यांदाच हाताने लिहिलेला पास मिळाला’ म्हणून. गंमत म्हणून ते ठीक. पण विमानं सुटली ती हाताने पास लिहू शकणारी, यादी पाहून माणूस आत सोडू शकणारी माणसं तिथे होती म्हणून. सप्टेंबर २०२५मध्ये चेक-इनच्या एका सॉफ्टवेअरवर सायबर हल्ला झाला, तेव्हा हीथ्रो, ब्रसेल्स आणि बर्लिनलाही पेन-कागदच बाहेर काढावा लागला. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत उड्डाण आराखडे पोचवणारी यंत्रणा बिघडली. नियंत्रकांनी ते काम हाताने केलं आणि तरी ८००हून अधिक उड्डाणांना उशीर झाला. माणसं कमी करून यंत्रं वाढवणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाने ही उदाहरणं टेबलावर ठेवावीत.

चेहरा ओळखण्याचं गणितही सगळ्यांना सारखं नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने डिसेंबर २०१९मध्ये १८९ अल्गोरिदम तपासले, तेव्हा त्यांतल्या अनेकांत आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत चुकीची जुळणी गोऱ्यांच्या तुलनेत दहा ते शंभर पटींनी जास्त आढळली. त्यानंतर तंत्र बरंच सुधारलं आहे, आणि चांगल्या अल्गोरिदममध्ये हा फरक तेव्हाही फार थोडा होता. म्हणजेच सारं काही कोणतं सॉफ्टवेअर विकत घेतलं, ते कोणी तपासलं आणि निकाल जाहीर केला का, यावर आहे. नावांचं दुखणं तर आपलं घरचंच. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तीन पदरी रचना. एका कागदावर दीपकच्या स्पेलिंगमध्ये दोन ‘ई’, दुसऱ्यावर एक ‘आय’. जवानाला ते कळतं, तो हसून आत सोडतो. यंत्राला कळत नाही. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२मध्ये पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटक म्हणून प्रवेश नाकारायचं ठरवलं, तेव्हा आडनावाचा रकाना रिकामा ठेवलेल्या कितीतरी भारतीयांची धावपळ उडाली.

आता पुन्हा डिजियात्रेकडे येऊ. ती चालवणारी डिजियात्रा फाउंडेशन ही कंपनी कायद्याखालची ना-नफा संस्था आहे. तिच्यात विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के, उरलेला ७४ टक्के दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद आणि कोची या विमानतळांच्या कंपन्यांचा. योजना सरकारची, उद्घाटन केंद्रीय मंत्र्यांचं, ओळख आधारवरून, दारावर पहारा केंद्रीय दलाचा. पण माहितीच्या अधिकारात प्रश्न विचारला की उत्तर येतं, ही संस्था त्या कायद्याखाली येत नाही. हे पटण्यासारखं नाही. विमान सुटल्यावर २४ तासांत विमानतळावरचा तपशील पुसला जातो, असं संस्था सांगते. कदाचित खरंच पुसला जात असेल. पण तो पुसला गेल्याचं बाहेरच्या कुणी तपासून लोकांसमोर मांडल्याखेरीज प्रवाशाने केवळ शब्दावर विश्वास का ठेवावा? योजना ऐच्छिक आहे असं धोरण म्हणतं, आणि तरी दाराशी उभ्या कर्मचाऱ्यांनी नीट न सांगता प्रवाशांचे फोटो काढून नोंदणी करून टाकल्याच्या तक्रारी २०२४च्या सुरुवातीला देशभरातून आल्या.

माहिती फुटते, हा काल्पनिक धोका नव्हे. २०२१मध्ये एअर इंडियाने कळवलं की प्रवाशांची माहिती सांभाळणाऱ्या कंपनीवरच्या सायबर हल्ल्यात जगभरातल्या सुमारे ४५ लाख प्रवाशांचा तपशील गेला. त्यात ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ या काळातली नावं, जन्मतारखा, पासपोर्टची माहिती होती. २०१९मध्ये अमेरिकेच्या सीमा यंत्रणेच्या ठेकेदाराकडून प्रवाशांचे फोटो फुटले. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, पासपोर्टही नवा निघतो. चेहरा कुठून नवा आणायचा? आपला व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५चे, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला आणखी १८ महिन्यांची मुदत. तोवर यंत्रं मात्र पुढे निघाली आहेत.

एक धोका रोजचा आणि तितकाच खरा आहे. थायलंडने १ मे २०२५पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं केलं; पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं, पूर्णपणे मोफत. पण ऑनलाइन शोध घेताना सरकारी वाटणारी आणि पैसे उकळणारी संकेतस्थळंही समोर येतात. सिंगापूरच्या मोफत कार्डाचंही तेच. आपल्या पर्यटकांनी पैसे न भरता मिळणारी गोष्ट पैसे मोजून घेऊ नये आणि पासपोर्टचा फोटो अशा ठिकाणी टाकू नये. आय-९४ असो की ई-व्हिसा, निघण्याआधी नोंद उघडून पाहावी, पासपोर्ट क्रमांक ताडावा आणि तारखेसकट प्रिंट काढून बॅगेत ठेवावी. तरुण मुलं हसतील, हसू द्यावं.

सरकारकडे मागणी याहून मोठी असायला हवी. प्रत्येक ई-गेटच्या शेजारी एक माणूस हवा, आणि त्या माणसाला यंत्राचा निर्णय बदलण्याचा अधिकार हवा. नुसता गणवेश देऊन उभा केलेला नको. नोंदीची सही-शिक्क्याची छापील प्रत मागणाऱ्याला ती मिळायला हवी. चेहरा न देता जाणाऱ्याची रांग मुद्दाम लांब ठेवली जाणार नाही, हे नियमात लिहिलेलं हवं, आणि तशी पाटी महाराष्ट्रातल्या विमानतळांवर मराठीत लावलेली हवी. डिजियात्रा आंतरराष्ट्रीय प्रवासापर्यंत नेण्याचा विचार सुरू आहे. ते पाऊल टाकण्याआधी केंद्र सरकारने डिजियात्रा फाउंडेशनला माहितीच्या अधिकाराखाली आणावं आणि तिच्या यंत्रणेच्या बाहेरून झालेल्या तपासणीचा अहवाल संसदेसमोर ठेवावा.